वाऱ्याचा रतीब

"आला का?" डॉक्टर मुकादमांनी छत्री मिटता मिटता दारातूनच विचारलं.

"अजून नाही."

"किती वाजले?"

"सहा बारा. बसा ना, डॉक्टर. तुम्ही उभे राहिलात म्हणून तो काही लवकर येणार नाही."

ते बसले नाहीत. आमचा शिपाई बाबल परब हातातला झाडू तसाच धरून माझ्या खुर्चीमागे येऊन थांबला. पडद्यावर एक रिकामं फोल्डर उघडं होतं. त्याला नाव मीच दिलं होतं, 'वारा'. देवळात पडदा सरकायची वाट बघावी तसे आम्ही तिघं त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होतो.

सहा सतराला त्यात एक ओळ उगवली. खाली आकडा धावायला लागला, अडखळला, पुन्हा धावला आणि थांबला.

"इलो," बाबल हळूच म्हणाला, जसं कुणी झोपलेलं उठेल.

मी नकाशा उघडला. आमच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रावर बारीक बारीक बाण पसरले होते. जिथे वारा मंद तिथे निळे, जोराचा तिथे तांबडे. सव्वा तासापूर्वी उपग्रह आमच्या डोक्यावरून गेला होता आणि त्याने खालचा वारा जसा पाहिला तसा आमच्या तीन खोल्यांच्या केंद्रात येऊन पडला होता. त्या सकाळी तो कुणीही मागितला नव्हता. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि प्रिंटरवर हात ठेवून उभे राहिले. कागद बाहेर येताना त्यांना तो स्वतः घ्यायचा होता.

ही गोष्ट आता चौदा वर्षांची झाली. कुणगे बंदरातलं आमचं सागर अभ्यास केंद्र तेव्हा जेट्टीमागच्या चढावर होतं, आणि मी तिथे नऊ वर्षं आकडे भरत होते. भरतीची उंची, पाण्याची उष्णता, वारा. मी भरायचे, वर्षाअखेरीला त्याचे गठ्ठे व्हायचे आणि गठ्ठे कपाटात जायचे. ते उघडून वाचणारा माणूस मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता.

परदेशातल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात उपग्रहांनी मोजलेला साऱ्या समुद्रांवरचा वारा साठवलेला असे, मागेल त्याला फुकट. पण मागावा लागे. रोज सकाळी मी त्या संग्रहात शिरून तारीख शोधायची, जागा शोधायची, मागणी नोंदवायची, आणि फाईल यायची दुपारी बाराला. आमच्या होड्या सुटायच्या सकाळी सातला. पहाटेचा वारा दुपारी घेऊन काय करायचं? तो पुन्हा कपाटातच.

आषाढातल्या एका दुपारी संग्रहाच्या मदतीच्या पानावर, अगदी तळाशी, मला चार ओळी सापडल्या. एकदा सांगून ठेवा, आम्ही रोज आपणहून पाठवू. मी त्या तीनदा वाचल्या आणि डॉक्टरांच्या टेबलाशी गेले.

"डॉक्टर, यांच्याकडे रतीब लावता येतो."

"कसला रतीब?"

"वाऱ्याचा. दुधासारखा. पहाटे दारात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि हातातलं पेन टोपण न लावताच खिशात ठेवलं. खिशावर निळा डाग पसरत गेला, तरी त्यांना पत्ता नव्हता.

तो अर्ज मी संकल्प सोडावा तशा निगुतीनं भरला. संकल्पात तरी दुसरं काय सांगतो आपण? कुठला देश, कुठला काळ, कशासाठी, किती दिवस. इथेही तेच होतं. कुठून कुठपर्यंतचा समुद्र, कधीपासून, कुठे पोचवायचं. शेवटी दोन चौकोन होते, त्यांतल्या एकावर खूण करायची होती. मी माझ्या मनाला पटला त्यावर खूण केली आणि अर्ज धाडला.

आता वाचणारा हवा होता. डॉक्टर मला घेऊन मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. तात्या खवणेकर बर्फाच्या शेडबाहेर पिंपावर बसून जाळं सांधत होते. चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी सुई थांबवली नाही.

"डॉक्टर, आमी वारो नाकान वळखतंव. तुमचो कागद काय सांगतलो?"

"तात्या, किनाऱ्यावरचा वारा नाकाला कळेल. वीस मैलांवरचा कसा कळणार?"

"थंय गेल्यार कळता."

"तिथे गेल्यावर कळून उशीर झालेला असतो," मी म्हटलं. मी सहसा मध्ये बोलत नाही, आणि माझा आवाजही असा की समोरच्याला वाकून ऐकावा लागतो. तात्या वाकले.

"काय म्हणता ही?"

डॉक्टरांनी माझं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. तात्यांची सुई थांबली.

"गो बाय, तू उपासवाली ना? माझी सून सांगता तुझा. मग तुका नेम कळता. ऐक. ह्या शेडीर फळो लाय. सातच्या आदी कागद. एकवीस दिस. खाडो पडलो तर फळो उतरून तुमच्या हापिसात धाडतलंय, आनी परत हंय वारो इकूक येवचा नाय."

"एकवीस दिवस," मी म्हटलं. "कबूल."

परत चढ चढताना डॉक्टर म्हणाले, "वत्सलाताई, मला विचारायचं तरी."

"तुम्ही नाही म्हटलं असतंत?"

"नाही. पण विचारायचं."

त्या वर्षी श्रावण आणि रमजान एका पाठोपाठच लागले होते. डॉक्टर पहाटे सहेरी करून यायचे आणि मग दिवसभर पाणीही नाही. माझा चातुर्मासाचा नेम असा होता की सूर्योदयाला अर्घ्य दिल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. ढगांमुळे सूर्य दिसत नसे, तेव्हा पंचांगातली वेळ धरायची. त्यामुळे रतीब सुरू झाल्यापासून मी तांब्या घेऊनच केंद्रावर यायचे आणि गच्चीवरून अर्घ्य द्यायचे. बाबल म्हणायचा, "ह्या हापिसात चाय पिणारो मी एकटोच. माकाच लाज वाटता."

पहिला दिवस सहा सतरा. दुसरा सहा बावीस. तिसरा सत्तावीस, चौथा बत्तीस. मी एका वहीत नकाशा आल्याची आणि नकाशावर छापलेली उपग्रहाची, अशा दोन्ही वेळा लिहीत होते. रोज पाच मिनिटं उशीर, पण सातच्या आत. बाबल कागद घेऊन धावत उतरायचा आणि मी खिडकीतून बघायचे. पहिल्या दिवशी फळ्यासमोर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक कुत्रा आणि एक म्हातारा. चौथ्या दिवशी पाच माणसं, आणि त्यांतला एकजण बोटानं बाण दाखवून दुसऱ्याला काही सांगत होता. मी भरलेला आकडा कुणीतरी वाचत होतं. मी खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की तळव्याला गंज लागला.

पाचव्या दिवशी फोल्डर रिकामं राहिलं.

सहा चाळीस झाले. पावणेसात. डॉक्टरांनी तारा काढून पुन्हा लावल्या. इंटरनेट चालू होतं. बाबलनं स्वतःच्या डब्यातून साबुदाण्याची खिचडी काढून माझ्यापुढे सरकवली. दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

"घेवा ताई. एकादस आसा ना आज. तुमी काय खाल्लास नसतला."

"माझी उद्या, बाबल."

"दोन दिवस एकादशी?" डॉक्टरांनी टेबलाखालून विचारलं. ते तिथे तारांशी झगडत होते.

"कधी कधी पडते. आजच्या एकादशीला पहाटे दशमी चिकटलेली आहे. सासरी आजची धरतात. माझं माहेर कऱ्हाडचं, आमच्याकडे भागवत एकादशी. दशमीनं शिवलेली चालत नाही. निखळ हवी."

"बरं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला निवड आहे. आम्हाला चंद्र दिसला की दिसला."

सात वाजायला आठ मिनिटं होती. बाबलनं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, कालचोच लावया. तारीख तेवडी बदलूया. वारो काय, काल होतो तसोच आज आसतलो. कोणाक कळता?"

डॉक्टर टेबलाखालून बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कबूल म्हटलं होतं, तेव्हा मीच ठरवायचं होतं. चौथ्या दिवसाचा नकाशा टेबलावरच पडलेला होता. तारखेतला एक आकडा तेवढा बदलायचा. मला आठवला तो बोटानं बाण दाखवणारा माणूस. त्याने कुठल्या बाणाकडे बोट दाखवलं असतं आज?

मी एक कोरा कागद घेतला आणि जाड पेनानं लिहिलं: 'आज वाऱ्याचा नकाशा आलेला नाही. कारण शोधत आहोत.' तो घेऊन मीच खाली गेले. बाबलला पाठवायचं धाडस होईना.

फळ्यापाशी तात्या उभे होते. त्यांनी माझा कागद वाचला, दोनदा, मग माझ्याकडे पाहिलं.

"खाडो?"

"हो तात्या."

"पाचव्याच दिसा?"

"हो."

ते बराच वेळ दाढी खाजवत राहिले. फळा उतरवायला हात वर गेला असता तर मी डोळे मिटले असते.

"दुदवालो पण एक खाडो करता," ते शेवटी म्हणाले. "एक माफ. दुसरो पडलो तर फळो माझो नाय, तुमचो."

त्याच दिवशी आम्ही संग्रहाला पत्र लिहिलं. सहाव्या दिवशी नकाशा आला, सहा सतराला, जसं काही झालंच नव्हतं. सातव्या, आठव्या दिवशीही आला. पण मला आता मजा वाटेना. माणूस का रुसला ते कळलं नाही, तर तो हसला तरी भीतीच वाटते.

नववा दिवस नारळी पौर्णिमेचा. आमच्या बंदरात नारळ सोडेपर्यंत फक्त लहान होड्या काठाकाठानं जातात. मोठ्या होड्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एकदम. म्हणजे दहाव्या दिवशी सगळं बंदर त्या फळ्यासमोरून जाणार होतं.

संध्याकाळी घरी नारळीभाताचा नैवेद्य दाखवून मी केंद्रावर आले, कारण डॉक्टरांनी निरोप धाडला होता की संग्रहाचं उत्तर आलं आहे. उत्तर अगदी सभ्य होतं आणि त्यातून काहीच कळत नव्हतं. आपल्या मागणीतील अटीत बसणाऱ्या सर्व फाईली आपल्याला पाठवल्या आहेत. त्या दिवशी अटीत बसणारी फाईल नव्हती.

"अटीत बसणारी," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे फाईल होती?"

मी जुन्या पद्धतीनं संग्रहात शिरले आणि तो दिवस शोधला. फाईल तिथे होती. धडधाकट, आमच्याच समुद्राची. पण तिच्या नावात एका ऐवजी दोन तारखा होत्या.

"दोन तारखा कशा असतील? उपग्रहाचं तर दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

खाली मशिदीत बांग झाली. डॉक्टरांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, आणि टेबलावरच्या दिनदर्शिकेकडे बघून सहज म्हणाले, "झाली आमची तारीख बदललेली. आमचा दिवस मावळतीला सुरू होतो, वत्सलाताई. तुमचा?"

"पंचांगाचा सूर्योदयाला."

"आणि सरकारचा मध्यरात्री."

"आणि यांचा?" मी पडद्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांचा दुसरा खजूर हातातच राहिला. "यांचा जागतिक वेळेनं. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले..." त्यांनी बोटं मोजली नाहीत, तरी मला मोजल्यासारखी वाटली. "पहाटेचे साडेपाच."

मी वही ओढली. उपग्रह पहिल्या दिवशी पाच वाजून दोन मिनिटांनी आला होता. मग पाच सात. पाच बारा. पाच सतरा. पाचव्या दिवशी पाच बावीसला सुरू करून त्याने पाच बत्तीसला संपवलं होतं. साडेपाचची रेघ त्याच्या मधून गेली होती. आठ मिनिटं जुन्या दिवसात, दोन नव्या. सहाव्या दिवशी तो पुन्हा पाच दोनवर परतला होता.

अर्ज भरताना मी खूण केली होती ते दोन चौकोन मला डोळ्यांपुढे दिसले. पहिला: त्या दिवसाला स्पर्श करणाऱ्या सर्व फाईली. दुसरा: त्या दिवसात सुरू होऊन त्याच दिवसात संपणाऱ्याच फाईली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "चूक त्यांची नाही. माझी आहे. मी दुसऱ्या चौकोनावर खूण केली."

"का?"

"निखळ हवी म्हणून."

त्यांना पाचव्या दिवसाची खिचडी आठवली असावी, कारण त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "म्हणजे तुम्ही उपग्रहाला भागवत एकादशी पाळायला लावलीत."

मला हसूही येत होतं आणि रडूही. तेवढ्यात माझी नजर वहीवर गेली आणि दोन्ही थांबलं. सहावा दिवस पाच दोन, सातवा पाच सात, आठवा बारा, नववा सतरा.

"उद्या," मी म्हटलं. "उद्या पुन्हा पाच बावीस."

डॉक्टर उठून उभे राहिले. "बदला खूण. आत्ता."

मी अर्ज उघडला. चालू मागणीत केलेला बदल दोन दिवसांनी लागू होईल, असं तिथे लिहिलं होतं. हातानं मागवावी तर ती येणार दुपारी. आम्ही दोघं ती ओळ वाचत बसलो, जशी काही पुन्हा वाचल्यानं बदलेल.

"नवीन मागणी घातली तर?" मी विचारलं. "जुनी राहू दे. दुसरा रतीब लावायचा."

डॉक्टरांनी नियम वर-खाली केले. "नवी मागणी पुढच्या दिवसापासून लागू. पुढचा दिवस म्हणजे त्यांचा. साडेपाचला."

"आणि उपग्रह येणार पाच बावीसला."

"आठ मिनिटं आधी."

"पण संपणार पाच बत्तीसला. दोन मिनिटं नव्या दिवसाला शिवणार. पहिला चौकोन निवडला तर शिवलेली चालते."

"चालायला हवी," ते म्हणाले. "पण ते यंत्र आहे, ताई. सुरुवात बघेल की शेवट, कुणाला ठाऊक?"

मी नवा अर्ज भरला. प्रत्येक आकडा डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला आणि मी टिपला. शेवटी पहिल्या चौकोनावर खूण केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, डागाळलेल्या तिथीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी केंद्रावर पोचले तर डॉक्टर पायरीवर बसलेले. बाबल झाडू न घेताच आलेला. उघडीप होती. खाली जेट्टीवर सगळ्या होड्या पताका लावून उभ्या होत्या, इंजिनं चाचपली जात होती. साडेपाच वाजले तेव्हा आम्ही तिघांनीही वर बघितलं. दिसणार काय होतं म्हणा.

सहा वाजले. सव्वासहा. फोल्डर रिकामं. पाच मिनिटांचा हिशेब धरला तर सहा सदतीसला यायला हवा होता. आणि सूर्योदय होता सहा बावीसला.

"जा तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "नेम मोडू नका. मी बसतो इथे."

मी तांब्या घेऊन गच्चीवर गेले. पाठीमागे समुद्र, समोर डोंगर. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदाच ढगांच्या फटीतून खरा सूर्य दिसला, पण डोंगरामागून वर यायला तो पंचांगापेक्षा उशीर करत होता. दिसत असताना दिसायच्या आधी अर्घ्य कसं द्यायचं? मी थांबले. अखेर कड वर आली आणि मी पाणी सोडायला सुरुवात केली. बारा नावं. मित्राय नमः. रवये नमः. सूर्याय नमः.

भानवे नमः म्हणताना जिन्यावर पावलं वाजली. घाईची, एकेक पायरी गाळत. मग माझ्या मागे चार हातांवर ती थांबली. डॉक्टरांचा श्वास मला ऐकू येत होता. माझं संपल्याशिवाय ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि मी गाळणार नाही हे त्यांना.

खगाय नमः. आला असेल म्हणून धावत आले. पूष्णे नमः. नसेल आला म्हणून सांगायला आले असतील. हिरण्यगर्भाय नमः. पाणी जास्त सोडलं, तांब्या पुरेल का? मरीचये नमः. श्वास आनंदाचा की कसला, श्वासावरून ओळखता येत नाही. आदित्याय नमः. सवित्रे नमः. अर्काय नमः. बारावं नाव म्हणताना माझी जीभ अडखळली, म्हणून मी ते पुन्हा नीट म्हटलं. त्या दोन वेळांमधलं अंतर मला आजही मोजता येत नाही.

भास्कराय नमः. मी वळले.

डॉक्टरांच्या हातात कागद होता. प्रिंटरमधून इतका ताजा की हातात घेतल्यावर ऊब लागली.

"सहा सदतीस," ते म्हणाले. "तुमच्या वहीप्रमाणे."

मी पहिल्यांदा पाणी प्यायले. तांब्यात घोटभरच उरलं होतं. मग आम्ही तिघंही उतारावरून अक्षरशः पळालो. मी पदर खोचून, बाबल टाचण्यांची डबी वाजवत, डॉक्टर उपाशीपोटी सर्वांच्या पुढे.

फळ्यासमोर सारं बंदर जमलं होतं. तात्यांच्या कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूची माळ. सात वाजायला सहा मिनिटं होती. कागद लावला. काठाजवळ सगळे बाण निळे, पण अठरा मैलांपलीकडे वायव्येकडून तांबड्या बाणांचा जाड पट्टा उतरलेला. तात्यांनी वर निरभ्र झालेलं आभाळ बघितलं, नाक वर करून वारा हुंगला, मग कागदाकडे बघितलं. असं त्यांनी तीनदा केलं.

"नाक सांगता जावा," ते म्हणाले. "कागद सांगता पंदरा मैलांच्या आत ऱ्हवा." मग मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "पयलोच दिस आसा. पंदराच्या आत."

होड्या सुटायला लागल्या. मी तात्यांजवळ गेले. सांगायला हवं होतं.

"तात्या, त्या दिवशीचा खाडा माझ्यामुळे झाला. संग्रहात वारा होता. मीच मागणी चुकीची लिहिली होती."

त्यांना माझा आवाज ऐकायला पुन्हा वाकावं लागलं.

"म्हंजे वारो इल्लो, तूच दार लावन घेतलंस?"

"हो."

"आनी आता?"

"आता उघडलंय."

"बरा," ते म्हणाले आणि होडीत चढले. दुपारी पट्टा किनाऱ्याकडे सरकला तेव्हा सगळ्या होड्या खाडीच्या तोंडाशी परतलेल्या होत्या. संध्याकाळी कुणीतरी केंद्राच्या पायरीवर मोठा सरंगा मासा ठेवून गेलं. माझा श्रावण आणि डॉक्टरांचा रोजा. शेवटी तो बाबलच्या घरी गेला.

पंधराव्या दिवशी एक गंमत झाली. मधल्या काळात मी जुनी मागणी बंद केली होती. नवी मागणी दोन दिवसांना शिवणारी फाईल दोन्ही दिवसांसाठी एकेकदा पाठवायची, म्हणून त्या दिवशी तोच नकाशा दोनदा आला. बाबल दोन्ही कागद हातात घेऊन विचारायला लागला, "ह्यांतलो खरो खंयचो?" मी म्हटलं, "दोन्ही. तिथीचीही वृद्धी होते." त्याने दोन्ही लावले, शेजारी शेजारी. बघणाऱ्यांनी दोन्ही नीट वाचले. विसाव्या दिवशीही तेच झालं.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी तात्या पहिल्यांदाच चढ चढून केंद्रावर आले. चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसले नाहीत. काखेतून त्यांनी कागदांची गुंडाळी काढली. फळ्यावरचे सगळे कागद ते रोज उतरवून ठेवत होते, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. टेबलावर त्यांनी एकेक मोजून ठेवला. पंधराव्या आणि विसाव्या दिवसाचे दोन-दोन एकावर एक ठेवले आणि एकेकच धरले. पाचव्या दिवसाचा माझा बिननकाशाचा कागद मात्र बाजूला सारला.

"वीस," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "वीसच."

"आमचा काय ठरलेला?"

"एकवीस."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "तात्या, पण एक खाडा तुम्हीच माफ केला होतात."

"माफ केलंय. मोजलंय खय?" तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गो बाय, तुमच्या नेमात दिस चुकलो तर काय करतात?"

"शेवटी एक वाढवतात."

"मग आजून एक दिस लाय," ते म्हणाले, आणि चपला घालून उतरून गेले.

बाविसाव्या दिवशी मी कागद लावला. संध्याकाळी तात्यांचा निरोप आला, बाबलच्या हातून: "आजून एक दिस लाय." दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच. आठवडाभर आम्ही हसलो, मग हसायचं थांबलो, कारण आम्हाला कळलं की या माणसाला 'चालू ठेवा' म्हणायची ही एवढीच रीत येते.

डॉक्टर निवृत्त होऊन बाणकोटला गेले. फळ्याच्या जागी आता काचेची पेटी आहे, आणि नकाशा मोबाइलवरही जातो. तात्या थकलेत, पण बर्फाच्या शेडबाहेरच्या पिंपावर बसतात. मी जाता-येता दिसले की हात वर करतात आणि बोट एक दाखवतात. पाचव्या दिवसाचा तो बिननकाशाचा कागद माझ्या पंचांगात घडी करून ठेवलेला आहे. दरवर्षी पंचांग बदलतं, कागद तोच.

माझे बाकीचे नेम झाले, त्यांची उद्यापनंही झाली. याचं अजून राहिलंय. एकविसावा दिवस अजून संपलेला नाही.